सल्ले दोन, मूल एक

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर शहरात नोकरदार घरात दीड-दोन वर्षांचे मूल असेल, तर कपाटात त्याच्या लसीकरणाचे बहुधा दोन कागद सापडतात. एक सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड. अंगणवाडीत किंवा उपजिल्हा रुग्णालयात एएनएम सिस्टर त्यावर तारीख टाकून देतात. दुसरी खासगी बालरोगतज्ज्ञांची फाईल, गुळगुळीत कागदाची आणि आत रंगीत तक्ता असलेली. हे दोन्ही कागद शेजारी ठेवले तर जुळत नाहीत. कार्डावर नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, तर फाईलमध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला. कार्डावर टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए आणि फ्लू यांचे नावच नाही. फाईलमध्ये चारही, आणि फ्लूची तर दरवर्षी. न्यूमोनियाच्या लशीचा बूस्टर सरकारकडे नवव्या महिन्यात, डॉक्टरांकडे वर्ष उलटल्यावर.

दोन्ही कागद अधिकृतच आहेत, आणि अडचण तिथेच सुरू होते. कार्डामागे केंद्र सरकारचा राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट आहे, जो इंग्रजी आद्याक्षरांमुळे ‘एनटीएजीआय’ म्हणून ओळखला जातो. फाईलमागे ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ ही देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आहे. मूल धडधाकट आहे, खेळते-खाते आहे. कापसाचे पैसे अजून हाती यायचे आहेत. अशा वेळी आईबापांनी कुणाचे ऐकायचे?

हा प्रश्न अडाणीपणातून येतो असे आरोग्य खात्यातल्या अनेकांना वाटते. तसे नाही. तो दोन्ही कागद नीट वाचणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे आणि त्याला तशाच गांभीर्याने उत्तर मिळायला हवे.

सल्ले वेगळे का असतात, याचे पहिले उत्तर सोपे आहे. दोघांसमोरचा प्रश्नच वेगळा असतो. देशात दरवर्षी अडीच कोटींच्या आसपास मुले जन्माला येतात. त्या सगळ्यांना साताऱ्यापासून सातपुड्यातल्या पाड्यापर्यंत फुकट आणि शीतसाखळी न तुटता काय देता येईल, याचा विचार सरकार करते. डॉक्टर समोरच्या एका मुलाचा विचार करतो. म्हणून एखादी लस सरकारी यादीत नाही याचा अर्थ ती निरुपयोगी आहे, असा होत नाही. रोटाव्हायरसची लस महाराष्ट्रात सरकारी कार्यक्रमात आली जुलै 2019 मध्ये, न्यूमोनियाची जुलै 2021 मध्ये. त्याआधी कित्येक वर्षे याच लशी खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून घ्याव्या लागत होत्या, आणि तेव्हाही त्या तितक्याच गुणकारी होत्या. नवी मुंबई महापालिकेने तर 2018 मध्ये राष्ट्रीय यादीची वाट न पाहता एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची लस स्वतःहून दिली.

गालगुंडाची गोष्ट अजून मिटलेली नाही. सरकार गालगुंडाला सौम्य आजार मानते आणि त्यावर खर्च करत नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, क्वचित का होईना, त्यातून बहिरेपण येते, मेंदूच्या आवरणाला सूज येते, मोठ्या मुलांच्या वृषणांना सूज येते. 2024 मध्ये केरळात गालगुंडाचे हजारो रुग्ण आढळले, तेव्हा हा वाद पुन्हा वर आला. ज्याला परवडते त्याने गालगुंडासह असलेली लस घ्यावी, ज्याला परवडत नाही त्याने सरकारी गोवर-रुबेला वेळेवर घ्यावी आणि मनात अपराधीपणा ठेवू नये, हे कुणीतरी आईबापांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. कारण खासगी दवाखान्यात लस सुचवणारा आणि लशीचे पैसे घेणारा एकच असतो. त्यामुळे सल्ला खोटा ठरत नाही. पण ‘यातली कुठली आधी आणि कुठली थांबली तरी चालेल’ हे सांगण्याची जबाबदारी त्या डॉक्टरवर दुप्पट येते.

यादीतला फरक समजून घेता येतो. अधिकारी मंडळीच एकमेकांच्या उलट बोलू लागतात तेव्हा काय होते, हे कोविडने दाखवले.

2021 च्या उन्हाळ्यात ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ या भाकिताचा महाराष्ट्रातल्या घराघरांनी धसका घेतला होता. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे 2021 मध्येच सांगितले की असे मानायला पुरावा नाही. तरी भीती राहिली. त्याच जून-जुलैत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या 70 जिल्ह्यांत चौथे सेरो सर्वेक्षण केले. महाराष्ट्रातले सहा जिल्हे त्यात होते आणि खान्देशातला जळगाव त्यांपैकी एक. देशपातळीवरचा निष्कर्ष असा, की 6 ते 9 वयोगटातल्या 57.2 टक्के आणि 10 ते 17 वयोगटातल्या 61.6 टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे होती. मुलांची लस तेव्हा सुरूही झालेली नव्हती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता, आणि बहुतेकांच्या घरी त्याचा पत्ताही लागला नव्हता.

25 डिसेंबर 2021 च्या रात्री पंतप्रधानांनी 15 ते 18 वयोगटाच्या लसीकरणाची घोषणा केली. 3 जानेवारीपासून कोव्हॅक्सिन सुरू झाली. मात्र घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या एम्समधले साथरोगतज्ज्ञ डॉ. संजय राय यांनी हा निर्णय अशास्त्रीय असल्याचे जाहीरपणे म्हटले. ते लसविरोधक नव्हते. एम्समधल्या कोव्हॅक्सिनच्या चाचण्यांचे प्रमुख संशोधक होते. सल्लागार गटाचे सदस्य डॉ. जयप्रकाश मुळियिल यांनीही त्याच सुमारास लहान मुलांना तूर्त लशीची गरज नसल्याचे मत मांडले होते. 16 मार्च 2022 पासून 12 ते 14 वयोगटाला कोर्बेव्हॅक्स मिळू लागली. 26 एप्रिलला औषध महानियंत्रकांनी त्याहूनही लहान मुलांसाठी आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली: कोव्हॅक्सिन 6 ते 12 आणि कोर्बेव्हॅक्स 5 ते 12 वयोगटासाठी. पण 12 वर्षांखालच्या मुलांना सरकारने ती लस कधी दिलीच नाही.

आता शिरपूरच्या एखाद्या बापाने यातून काय समजायचे? परवानगी आहे, लस नाही. चाचणी करणारा म्हणतो नको, पंतप्रधान म्हणतात घ्या. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुख्याध्यापक म्हणतात उद्या आधार कार्ड घेऊन या.

यात तीन वेगवेगळ्या दारांतून तीन वेगळी उत्तरे येत होती. लस पुरेशी सुरक्षित आणि परिणामकारक आहे का, हे औषध महानियंत्रक पाहतात. कुणाला द्यावी, हे सल्लागार गट सुचवतो. विकत घेऊन वाटायची का, हे मंत्रालय ठरवते. सामान्य माणसाला ही तीन दारे दिसत नाहीत. त्याला एकच ‘सरकार’ दिसते, आणि ते रोज वेगळे बोलते असे त्याला वाटते.

ब्रिटनमध्येही सप्टेंबर 2021 मध्ये असाच पेच पडला. तिथल्या लसविषयक सल्लागार समितीने 3 सप्टेंबरला सांगितले की 12 ते 15 वर्षांच्या निरोगी मुलांना लशीचा फायदा धोक्यापेक्षा किंचित जास्त आहे, पण सरसकट शिफारस करावी इतका तो मोठा नाही. मुलग्यांमध्ये क्वचित होणारा हृदयाच्या स्नायूंचा दाह हा तिथल्या लशीबाबतचा मुख्य प्रश्न होता. दहा दिवसांनी चारही प्रांतांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शाळा बुडण्याचे नुकसान हिशेबात धरून एक डोस द्यावा असे ठरवले. पण तिथल्या आईला दोन्ही बाजूंची कारणे त्याच आठवड्यांत वाचायला मिळाली. समितीने फक्त आरोग्य मोजले, अधिकाऱ्यांनी शाळाही मोजली, एवढे तिला कळले. शिरपूरच्या आईपर्यंत निर्णय पोहोचला, कारणे पोहोचली नाहीत. तक्रार करायची ती याचीच.

2022 च्या वसंतात तेरा वर्षांच्या निरोगी मुलाला कोविडची लस देणारे आईबाप चुकले नाहीत, न देणारेही चुकले नाहीत. घरात दम्याची आजी किंवा डायलिसिसवरचे आजोबा असतील तर पारडे देण्याकडे झुकत होते. मूल नुकतेच कोविडमधून उठले असेल तर थांबण्याकडे. हे इतक्या सरळपणे कुणी सांगितले असते तरी कार्यक्रम कोसळला नसता.

सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला, तो या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. न्या. एल. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी ठरवले नाही, मुलांच्या लशीला दिलेली मान्यताही रद्द केली नाही. मात्र कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही हे स्पष्ट केले. मुलांवरच्या चाचण्यांचे महत्त्वाचे निष्कर्ष लवकरात लवकर खुले करा आणि दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसालाही करता येईल अशी व्यवस्था ठेवा, असेही बजावले. लस आणि माहिती या दोन्ही गोष्टी नागरिकाच्या हक्काच्या आहेत, असा त्या निकालाचा अर्थ लावता येतो. पहिली आपल्याला मिळते. दुसरीची वाट अजून पाहावी लागते.

त्याआधी संमतीचा प्रश्न गोवर-रुबेला मोहिमेतही आला होता. महाराष्ट्रात ही मोहीम 27 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला एक डोस द्यायचा होता, आधी घेतला असला तरी. ज्यांनी खासगीत दोन डोस पूर्ण केले होते त्यांना वाटले, आता तिसरा कशाला? अफवाही सुटल्या. शास्त्र मोहिमेच्या बाजूने होते. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही, आणि कुणाला लस मिळाली, कुणाला लागू पडली हे तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना देणे शहाणपणाचे असते. तरी दिल्लीत सरकारने पालकांच्या संमतीची गरज नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा जानेवारी 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ती मोहीम थांबवली आणि फायदे-तोटे सांगून संमती घ्या असा आदेश दिला. शास्त्र बरोबर असूनही पद्धत चुकल्याने मोहीम अडली.

संमतीचा हा धडा शिरपूर तालुक्याला इतरांपेक्षा जवळचा आहे. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. पावरा आणि भिल्ल वस्तीतल्या किती तरी मुली आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात. आईबाप मजुरीला गुजरातेत किंवा ऊसतोडीला गेलेले असतात. अशा मुलीच्या दंडात सुई टोचायची तर सही कोण करणार?

2009 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प ‘पाथ’ या संस्थेने राबवला, तेव्हा नेमके हेच झाले. खम्ममध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या होत्या. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशी समितीला त्यांचा लशीशी संबंध जोडता आला नाही. पण एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबला, आणि 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने संमतीच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. एका चांगल्या लशीचा देशातला प्रवास कित्येक वर्षे रखडला. जगभरातल्या कर्करोगाचे अंदाज देणाऱ्या ‘ग्लोबोकॅन’च्या 2020 च्या आकड्यांनुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि 75 हजारांहून अधिक दगावतात. त्यामुळे त्या रखडण्याची किंमत कागदावर मोजून संपणारी नाही.

या कहाणीचा एक धागा महाराष्ट्रात येतो. बार्शी, पुणे, मुंबई आणि इतर ठिकाणी एचपीव्ही लशीची एक वेगळी चाचणी तेव्हा चालू होती. तीन डोसांऐवजी दोन पुरतात का, हे तपासणारी. 2010 च्या स्थगितीने तीही अर्ध्यावर थांबली आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींना सोडले नाही, दहा वर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली. 2021 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष आला की एक डोसही जवळपास तितकेच संरक्षण देतो. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल असे सांगितले, त्यामागच्या पुराव्यांत बार्शीच्या मुलींचा वाटा आहे. सल्ला बदलला तो कुणाच्या लहरीने नव्हे, तर माणसे धीराने मोजत बसली म्हणून. पण आज एखादी आई विचारते की एक डोस की दोन, तेव्हा तिला हा इतिहास कुणी सांगत नाही. डॉक्टर दोन म्हणतात, बातमीत एक लिहिलेले असते, आणि शंका लशीवर येते.

एनटीएजीआयने जून 2022 मध्ये या लशीची शिफारस केली, पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ सप्टेंबरमध्ये जाहीर झाली, आणि अर्थसंकल्पात तिचा उल्लेख यायला फेब्रुवारी 2024 उजाडले. तोवर नऊ वर्षांची मुलगी अकराच्या उंबरठ्यावर आली होती. खासगीत तेव्हा एका डोसाचे सुमारे दोन हजार रुपये पडत. पाड्यावरच्या घरात हा सल्ला पोहोचूनही उपयोग नव्हता.

काही वेळा सल्ले उलटे दिसतात, पण असतात एकच. नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबईत गोवंडीला, भिवंडीला आणि मालेगावला गोवराची साथ आली. मालेगाव म्हणजे शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे ओलांडले की पुढचे मोठे गाव. राज्यात डझनाहून अधिक मुले दगावली. केंद्राने सांगितले, साथीच्या भागात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना एक जादा डोस द्या, आणि जिथे नऊ महिन्यांखालची बाळे जास्त आजारी पडत आहेत तिथे सहाव्या महिन्यापासूनच द्या. आईबाप गोंधळले. कार्डावर नऊ महिने छापले आहे, मग सहाव्या महिन्यात कसे? कार्ड पूर्ण भरले आहे, मग आणखी कशाला?

कारण असे. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाच्या अंगात काही महिने राहतात आणि लशीला काम करू देत नाहीत. म्हणून एरवी नववा महिना. पण साथ दारात असताना थांबणे जास्त धोक्याचे, म्हणून सहावा. तो डोस जादाचा धरायचा, नेहमीचे दोन पुढे द्यायचेच. नवव्या महिन्याचा डोस शंभरातल्या 85 मुलांना लागू पडतो, उरलेली 15 मुले दुसऱ्या डोसावर अवलंबून असतात. एक गोवराचा रुग्ण बिनलशीच्या वस्तीत 12 ते 18 जणांना आजारी पाडू शकतो, म्हणून 95 टक्के मुलांना लस लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण सुमारे 73 टक्के होते. त्या मधल्या फटीतून गोवर आत येतो. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ यांच्या लशींबाबत जगातल्या जबाबदार तज्ज्ञांत मूलभूत मतभेद नाहीत. वाद फार तर महिन्याचा असतो. कोविडच्या लशीवरचा खरा मतभेद लोकांनी या लशींवरही चिकटवला, तर भोगायचे मुलांना.

ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत मे 2025 मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी निरोगी मुलांसाठीची कोविड लशीची शिफारस काढून टाकली. ऑगस्टमध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांना ती द्यावीच असे सांगितले. वाद तिथे थांबला नाही. डिसेंबर 2025 मध्ये सरकारच्या सल्लागार समितीने सगळ्या नवजात बाळांना जन्मताच हिपॅटायटिस बी देण्याची जुनी शिफारस मोडीत काढण्याच्या बाजूने मत दिले. न्यू जर्सीतला मराठी मुलगा व्हिडिओ कॉलवर आईला सांगतो, ‘इथे आता जन्मल्या जन्मल्या देतच नाहीत’, आणि ते वाक्य दुसऱ्या दिवशी धुळ्यात फिरते. अमेरिकेत बहुतेक गरोदर स्त्रियांची हिपॅटायटिस बीची तपासणी झालेली असते. आपल्याकडे ती हमी सगळीकडे नाही. म्हणून इथे पहिल्या 24 तासांतला डोस सोडू नये. तिथला वाद उचलून इथे आणणे धोक्याचे आहे.

मग करायचे काय? सरकारी लसीकरण सत्रात सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कुठली लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचे, पुन्हा कधी यायचे, आणि कार्ड जपून आणायचे. साधी, उत्तम पद्धत आहे. त्यात पाचवी गोष्ट घालावी: या लशीबाबत दुसरीकडे वेगळा सल्ला मिळाला तर तो का वेगळा आहे. त्यासाठी आशाताईच्या हातात दोन पानांचा मजकूर हवा, मराठीत. आणि तोंडी सांगताना अहिराणीत, पावरीत. बालरोगतज्ज्ञांनीही आपल्या फाईलमध्ये सरकारी लशी एका रंगात आणि जादाच्या दुसऱ्या रंगात छापाव्यात, किंमत लिहावी, आणि परवडत नसेल तर कुठली आधी घ्यावी हा क्रम द्यावा. आश्रमशाळेत मुख्याध्यापकांच्या सहीने काम उरकू नये. प्रवेशाच्या वेळी आईबाप स्वतः मुलीला सोडायला येतात, तेव्हाच समजावून संमती घ्यावी.

यासाठी दिल्लीच्या आदेशाची गरज नाही. धुळे जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, आदिवासी विकास विभाग आणि शिरपूरचे बालरोगतज्ज्ञ एका टेबलाशी बसले तर जूनमध्ये आश्रमशाळा उघडण्याआधी संमतीपत्राचा नवा मसुदा तयार होऊ शकतो.